हात न लावता फुलवणारे काका

आमच्या शेजारच्या काकांइतका आळशी माळी अख्ख्या भिंगारात नसेल आणि त्यांच्याइतकी फुलंही कुणाच्या अंगणात नसतील. लष्कराच्या गोदामातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी फक्त कंद लावले. गुलाब म्हणजे नखरेल, शेवंती म्हणजे रडकी. कंद मात्र शिपायासारखा, बराकीत झोपतो आणि वेळ झाली की हजर! गुलछडी, रंगीत लिली असं सगळं एकदा पुरलं की काका खुर्चीत बसत आणि उरलेलं काम, म्हणजे लोकांना हात लावू न देणं, तेवढं नेमाने करत. मी एकदा खुरपं घेऊन मदतीला गेलो, तर म्हणाले, "मास्तर, झोपल्याल्या मानसाची चादर वढता का?"

पायरीजवळच्या कुंडीत फुटबॉल लिली होती. काकूंनी मिरजगावहून, माहेरून आणलेली. हिवाळ्यात तिची पानं वाळून कुंडी रिकामी दिसायची आणि मे महिन्यात अचानक लालभडक चेंडू उगवायचा. काकू गेल्यावरही फूल आलं की काका तिथे दोन खुर्च्या मांडायचे आणि एकीवर बसायचे.

एका हिवाळ्यात ते लेकीकडे पुण्याला निघाले. मला बजावलं, "काईच करू नका. पानी तर न्हाईच. कांदा हाय त्यो, मासा न्हाई." एवढं सोपं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेही मी बिघडवलं. ती उघडीबोडकी माती बघून माझं मन द्रवलं. रोज तांब्याभर पाणी घातलं, वर शेणखताचा खुराक! काका परतले, मातीत बोटं घातली, तर कांद्याचा लगदा.

"काका, माया केली हो."

"तीच नडली."

ते माती चाचपत राहिले. कडेला त्याच कांद्याचं सुपारीएवढं एक टणक पिल्लू हाताला लागलं. ते त्यांनी माझ्याच तळहातावर ठेवलं. "तुमच्या हातानं गेलं, तुमच्याच हातानं येऊ द्या. निस्तं हात खिशात ठिवा."

मी ते माझ्या अंगणातल्या कुंडीत लावलं. दोन वर्षं नुसती पानं आली. दर मे महिन्यात भिंतीवरून प्रश्न यायचा, "आलं का?" मी नकारार्थी मान हलवायचो. "बसा गप." मग गुडघे थकले आणि काका कायमचे लेकीकडे गेले.

यंदा चेंडू उगवला. मी मोबाईलवर फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"पानी घातलं न्हाई ना?"

"नाही, काका."

मग हळूच म्हणाले, "खुर्च्या मांडा."

मी दोन्ही मांडल्या आणि हात खिशात घालून बाजूला उभा राहिलो.