कचरूमामांची डावी नस

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की का?" कारण कचरूमामा यापूर्वी एकदा गेले होते. त्या वेळी चकलांब्याचे पाहुणे जीप भरून रडत धारूरला आले, तर मामा ओट्यावर चहा पीत बसलेले. त्यांना बघून एका रडणारीचा सूर उतरला म्हणून त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून रडायला लावलं. मामी म्हणते असं काही झालं नाही, पण मामी तेव्हा आत चहा करत होती.

मामा बसचे कंडक्टर आणि भीमगीतांचे गायक. घाटात त्यांनी "थांबा" म्हटलं की केजमधल्या गाड्या ब्रेक लावायच्या. असा माणूस एकदा जयंतीच्या तालमीत अंतऱ्याच्या मधेच थांबला... तोंड उघडं, डोळे आमच्यावर, शब्द येईना. उजवा हात पेटीवरून घसरला. थोड्या वेळानं सगळं जागेवर आलं आणि मामांनी चहा मागितला. मामीनं चहाऐवजी जीप मागवली आणि थेट अंबाजोगाईचा मोठा दवाखाना गाठला.

तपासणीत निघालं, मानेतली डावी मोठी धमनी चरबीच्या थरानं पूर्ण बुजलेली. ती बातमी चकलांब्याला पोचेस्तोवर लोकांच्या तोंडी मामांचा अंत्यविधीही उरकला होता! मामांना मरणाचं काही वाटत नव्हतं. ते डॉक्टरीणबाईंना एवढंच म्हणाले, "बाई, मरंन तवा मरंन. पर मुकं जगायचं न्हाई मला. जयंतीला गाता येईल का?"

बाईंनी कागदावर गोल काढला. मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिन्यांचं कडं असतं. कित्येकांचं अर्धवट, यांचं मात्र पूर्ण. उजवीकडचं आणि मानेमागून येणारं रक्त त्या कड्यातून डाव्या बाजूला पोचत होतं. पूर्ण बुजलेली नस उघडण्यात धोकाच जास्त, म्हणून गोळ्या रोज, तंबाखू कायमची बंद, आणि पुन्हा शब्द अडला तर क्षणभर न थांबता दवाखाना. गायला हरकत नाही, पण बसून.

"म्हंजे उजवीकडचे डावीकडच्यांना जगवतेत?" मामा म्हणाले. "मंग आमच्या भावकीपरीस माझं डोकं लई बरं हाय."

जयंतीला ते खुर्चीत बसून गायले. अंतरा आला तेव्हा मामीनं डोळे मिटून घेतले. मामांनी तो असा उचलला की किल्ल्यावरची कबुतरं उडाली. त्यातली काही अजून परतलेली नाहीत. पुढं कित्येक जयंत्या त्यांनी गाजवल्या. ऐंशीच्या घरात असताना गेले, तेही न्यूमोनियानं. त्या नसेला शेवटपर्यंत त्यांनी जिंकू दिलं नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मामांच्या शोकसभेत, त्यांची लेक सुजाता माईकसमोर उभी राहिली. मामांनीच बांधलेलं गाणं होतं. दुसऱ्या कडव्याच्या मधेच ती थांबली. मग उजवीकडून बायकांनी ओळ उचलली, मागून पुरुषांनी, आणि गाणं तिच्यापर्यंत पोचलं. सुजातानं डोळे पुसले आणि पुढची ओळ अशी वर नेली की अख्ख्या मांडवात एकालाही तो सूर गाठता आला नाही.