उस्मानचाचांचे कान

उस्मानचाचांचं गॅरेज मी बंद पाडलं.

आज पहाटे ते गेले. हार्ट अटॅक. दुपारी पौडला दफन झालं. भुकूमला घरी येऊन हे लिहितोय.

चाचा पौडच्या बाजारात जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचे. माझ्याकडे वडिलांची चाळीस वर्षं जुनी गाडी आहे. ती सायलेन्सरमधून फटाके फोडायची आणि चढाला बंद पडायची.

मी आयटीवाला. व्हिडिओ बघून एकाच रविवारी प्लग, कॉइल, कार्बोरेटरचा जेट, सगळं बदललं.

फटाके वाढले. शेवटी गाडी चाचांकडे नेली.

चाचांनी आधी माझे नवे पार्ट काढून जुने परत बसवले.

"एका टायमाला एकच बदलायचं. न्हाईतर चोर कोन ते कसं कळनार?"

मग मला किक मारायला लावली. गाडीने असा बार काढला की समोरचा किराणावाला शिव्या देत बाहेर आला. चाचा पाठमोरे उभे राहून पाना पुसत होते. त्यांची मानसुद्धा हलली नाही.

तेव्हा कळलं. चाचांना अजिबात ऐकू येत नव्हतं. आपल्याशी बोलताना ते ओठ वाचत होते, आणि बाजारात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांनी इग्निशनच्या पॉइंटमध्ये सिगरेटच्या पाकिटाचा पातळ कागद अडकवला आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. पॉइंट उघडला की कागद सुटतो, आणि ठिणगी पडते तीही त्याच क्षणी. माझ्या गाडीत तो उशिरा सुटत होता. उरलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटत होतं.

ठिणगीचं टायमिंग लावून झाल्यावर गाडी चालू केली आणि सायलेन्सरमागे तळहात धरून ते बराच वेळ उभे राहिले. ठोके हाताला कळत होते.

"न्या आता. ताम्हिणी चढंल."

चढली. एकदाही न थांबता.

मी इतका खूश झालो की त्याच दिवशी इथे पोस्ट टाकली. "बहिरा जादूगार." फोटोसकट, पत्त्यासकट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअर केली होती.

आठवडाभर पोरं रील काढायला आली. दुरुस्तीला कुणी गाडी आणली नाही.

नेहमीची गिऱ्हाइकंही हळूहळू तुटली. इंजिनचा आवाज ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या हातात गाडी कशी द्यायची? इतकी वर्षं त्याच हातांनी चालत्या ठेवलेल्या गाड्या पिरंगुटच्या गॅरेजला जायला लागल्या.

चार महिन्यांनी गेलो तर चाचा सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"पंक्चरला कान लागत न्हाईत, सायेब."

मी सॉरी म्हणालो. त्यांनी ओठ वाचले असणार.

"तुमी लिवलं चांगलंच. पर इचारायचं हुतं."

एवढंच बोलले. चहा पाजला. चिडले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

जुनी पोस्ट मी तेव्हाच काढली. काढून काय उपयोग, गावभर झालं होतं.

ही टाकण्याआधी त्यांच्या मुलीला, शबानाला, फोनवर सगळी वाचून दाखवली. टाकू का, विचारलं.

ती म्हणाली,

"टाका की. आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

चाचा, माफ करा.