भिंत वाचून दाखवणारे गवंडीकाका

गवंडीकाका कुणाच्या अध्यात ना मध्यात. तीस वर्षं त्यांनी भिंतींशी संसार केला, कारण भिंती उलटून प्रश्न विचारत नाहीत. शाळेच्या व्हरांड्यातला जुना गिलावा खरवडताना मात्र त्यांची जीभ घसरली. "इथं आधी खिडकी होती," असं ते इतिहासाच्या बाईंना सहज बोलून गेले. हात दाखवून अवलक्षण! बाईंनी सहावीचा अख्खा वर्गच तिथं आणून बसवला.

"काका, आमच्या पोरांना किल्ले नि संग्रहालयं दाखवायला कोण नेणार? दोनपर्यंत गिलावा झाला पाहिजे, असं मुख्याध्यापक सरांनी सांगितलंय ना? मग त्याआधी एवढी भिंत वाचून दाखवा."

चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला हे सांगायचं! काकांची पाचावर धारण बसली. चुकलं तर चाळीस पोरं दात काढणार. त्यांनी पोरांकडे सरळ पाठ केली आणि भिंतीशीच बोलायला लागले. विटांचा रंग बदलतो तिथं खिडकी बुजवली. हा कोपरा डावखुऱ्याचा, थापीचे फटकारे उलटे आहेत. इथं थर बोटभर वाकडा गेलाय, देखरेख करणारे उस्ताद बहुतेक जेवायला गेले असतील. पोरं खो खो हसली, पण उस्तादांना. काकांनी हळूच वळून पाहिलं.

तेवढ्यात एक अबोल मुलगी उठून भिंतीशी आली. "काका, हे काय?"

एका विटेत चार बोटांचे खळगे होते.

"वीट ओली असताना उचलून फिरवली की उमटतात. भट्टीवर ते काम लहान पोरंच करायची."

मुलीनं आपली चार बोटं त्यात ठेवली. नेमकी बसली. आता कुणीच हसलं नाही.

"माझ्याएवढीच होती," ती म्हणाली. "ती शाळेत जायची का?"

"नाही गं, बाळा."

न सांगताच पोरांची रांग लागली. एकेकानं बोटं टेकवली.  अशी किती बोटं काकांनी आजवर गिलाव्याखाली गाडली होती, आणि त्यांना कधी काहीच वाटलं नव्हतं.

दोनला मुख्याध्यापक आले. सगळी भिंत गुळगुळीत, मधे एकच वीट उघडी.

"ही का ठेवलीत?"

आयुष्यात कुणालाही नकार न दिलेले काका थापी खाली ठेवून म्हणाले, "सर, तिथं एक पोर आहे. त्याच्यावर माझा हात चालायचा नाही."