रिकामा खिळा

चूक माझी होती आणि तिची शिक्षा बाई स्वतःला देत राहिल्या. हे आधी सांगतो, मग बाईंविषयी.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवत. मी तिथं नुकताच शिकवायला लागलो होतो. त्यांच्या वर्गावरून गेला असतात तर तुम्हालाही दिसलं असतं: डोळे मिटलेले, आणि पर्सच्या लावलेल्या चेनवरून सावकाश सरकणारं एक बोट. चेनचा एक दात त्यांनीच वाकवून ठेवला होता. बोट तिथं थांबायचं.

"अडतंय," त्या पुटपुटत. मग डोळे उघडून, "पण दोघांत चुकलंय कोण?"

पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा जुन्या धाग्यासमोर नवा विणला जातो, आणि कधी अक्षरांची चुकीची जोडी जमते. दोन्ही अक्षरं धडधाकट, फक्त एकमेकांसमोर नकोत. तिथं साखळी किंचित वाकते. दुरुस्ती करणारी एन्झाइमं ती चाचपत जातात, अडलं की नव्या धाग्याचा तुकडा कापून पुन्हा विणतात. जुना कापला तर चूक कायमची. जिवाणूंत जुन्या धाग्यावर खूण असते. माणसात नवा-जुना कसा ओळखतात, हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

एका गणपतीत मी त्यांच्या बोरीवलीच्या घरी गेलो. भिंतीवर आजोबा, वडील, दोन काका. एकाचाही केस पिकलेला नव्हता. सगळे आतड्याच्या कॅन्सरने गेलेले. बाईंनी डोळे मिटून तसबिरींवरून बोट फिरवलं. शेवटच्या तसबिरीपुढे एक रिकामा खिळा होता. बोट त्यावर थांबलं.

"हा कुणी ठोकला, घरात कुणालाच आठवत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या रक्तातला दुरुस्ती करणाराच आंधळा आहे रे."

त्यांचा धाकटा भाऊ साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये होता. त्याने मला गॅलरीत गाठलं. "सर, ताई मागे लागलीय. दुर्बिणीने आतडं तपासून घे म्हणते. मी हो म्हटलंय, पण मला काय होत नाय ना! जाऊ का?"

मी हसलो. "अरे, तुझं वय काय! बाई खचल्यात, म्हणून असं बोलतात. पुस्तकात असलं काही नाही."

"झकास! सुटलो," म्हणत तो मोदक खायला आत गेला.

पुढच्या गणपतीआधी तोही त्याच आजाराने गेला.

"तपासणीला तयार झाला होता रे," बाई म्हणत. "मीच त्या खिळ्याचं भुताखेतांच्या गोष्टींसारखं बोलले. घाबरला तो, तपासायला गेलाच नाही." मी मान खाली घालून ऐकायचो. वर्गात त्यांनी चेनला हात लावणं सोडलं. नोकरीही सोडली.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा त्या घरी गेलो. रिकाम्या खिळ्यावर आता भावाचा फोटो होता, हसरा. आणि त्याच्यापुढे आणखी एक रिकामा खिळा.

बाईंनी डोळे मिटले. बोट एकेका तसबिरीवरून सरकत भावापाशी आलं आणि थांबलं.

"अडतंय," त्या म्हणाल्या. "दोघांत चुकलं कोण? तो की मी?"

"दोघंही नाही. मी चुकलो, बाई. तो तपासून घ्यायला निघाला होता, मी त्याला हसून परत फिरवलं. नवा धागा मी होतो, आणि कापलं मात्र मी तुमचं म्हणणं. मला माफ करा."

बोट फोटोच्या काचेवरच होतं.