पाठ करून घेतलेलं मत

"सर, तुमच्या क्लासचे सहा जण एकच वाक्य बोलले. अक्षरशः एकच!"

फोनवर मोघे मॅडम होत्या, एका नव्या कॉल सेंटरच्या एच.आर. मॅनेजर. पुण्यात तेव्हा अशी ऑफिसं भराभर उघडत होती आणि कोथरूडमध्ये दर दोन सोसायट्यांमागे एक स्पोकन इंग्लिशचा क्लास निघाला होता. त्यातला एक माझा. मॅडमनी भरतीसाठी थेट माझ्याकडून मुलं घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्याकडे पाठवलेली ही पहिलीच बॅच.

"कोणतं वाक्य?" मी विचारलं. उगाच विचारलं. मला माहीत होतं.

"'मीडिया इज अ मिरर, बट द मिरर इज बायस्ड.' पहिला बोलला तेव्हा मी कौतुकाने लिहून घेतलं. सहाव्याला हात जोडले."

हा प्रकार ग्रुप डिस्कशनमधला. आठ-दहा उमेदवारांना टेबलाभोवती बसवायचं, एक विषय द्यायचा आणि कोण कसं बोलतं ते बघायचं. त्या दिवशीचा विषय होता बातम्या आणि मीडिया. हा विषय कुठेही निघायचा, म्हणून मी त्यावर चार पानांच्या नोट्स काढल्या होत्या. एडिटोरियल म्हणजे अग्रलेख, सोर्स म्हणजे जिथून बातमी मिळाली तो, बायस्ड म्हणजे एका बाजूला झुकलेला. प्रत्येक शब्दापुढे एक तयार वाक्य. शेवटच्या पानावर तयार मतं. होय, मतंसुद्धा. पाच बाजूने, पाच विरोधात. मुलं शाळेपासून गाइड पाठ करत आलेली. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

वाटलं ते रमा कांबळेला. येरवड्याहून दोन बस बदलून यायची.

"सर, बायस्ड म्हणजे कशी बातमी? एखादी दाखवा ना."

"अगं, वाक्य पाठ कर. पुरे आहे तेवढं."

"पण कोणी विचारलं, कोणती बातमी, तर?"

"कोणीही विचारत नाही!"

तिने पाठ केलं नाही. दोन वर्तमानपत्रांतून एकाच बातमीची कात्रणं काढून ती वहीत शेजारी शेजारी चिकटवायला लागली. पाणीकपातीची बातमी एकाकडे घाबरवणारी, दुसऱ्याकडे आतल्या पानात चार ओळींची. खाली पेन्सिलने माझेच शब्द: हेडलाइन, कव्हरेज, बायस्ड. मी वर्गात म्हणालो, "कांबळेबाई, स्वतःचा पेपर कधी काढताय?" वर्ग हसला. तीही हसली, आणि वही मिटली नाही.

"मग मी म्हटलं, आजच्या पेपरातली एक बातमी सांगा," मोघे मॅडम पुढे सांगत होत्या. "सगळे गप्प. सातवी मुलगी मात्र थांबेचना. वर वही काढून दाखवली. सगळी कात्रणं याच विषयासाठी कापलेली! सर, विषय बंद पाकिटात होता. तिला आधी कळला होता का? तिनेच बाकीच्यांना पढवलं का?"

इथे मी एवढंच सांगायला हवं होतं: नोट्स माझ्या आहेत, प्रत्येक बॅचला देतो, आणि ती मुलगी महिनाभर कात्रणं चिकटवते आहे. पण मग मी इंग्रजी शिकवत नाही, पाठांतर करून घेतो, हे मॅडमना कळलं असतं. पुढच्या बॅचेस गेल्या असत्या.

मी म्हणालो, "कात्रणं तिची तीच आणायची. मी सांगितलेलं नव्हतं. बाकी मला कल्पना नाही."

पहिली दोन वाक्यं खरी होती. त्यांच्या आधारावर तिसरं खपून गेलं.

"ठीक आहे. तिचं नाव यादीतून काढते. बाकीच्यांना दुसरा विषय देऊन परत बोलावू."

त्या सहांपैकी तिघं लागले. पेढे घेऊन आले. मी खाल्ले.

रमा त्याच आठवड्यात आली. "सर, माझं कुठे चुकलं? मला तर सगळं बोलता आलं."

"उच्चार," मी म्हणालो. "उच्चार कमी पडले."

"कोणते?"

या मुलीला प्रत्येक गोष्टीचं उदाहरण लागायचं, आणि माझ्याकडे एकही नव्हतं. वैतागून म्हणालो, "एकंदरच गं."

तिने मान हलवली. त्यानंतर ती क्लासला आली नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याकडून तिचा ठावठिकाणा मिळाला. सरकारी कचेरीत अधिकारी आहे. मी जाऊन समोर बसलो आणि सगळं सांगितलं. नोकरी माझ्यामुळे गेली, हेही.

"म्हणजे उच्चारांचं काही नव्हतंच?"

"नव्हतं."

"अहो सर, त्यानंतर चार वर्षं मी इंग्रजीत तोंड उघडलं नाही. दोन इंटरव्ह्यूंमध्ये मराठीत बोलू का म्हणून विचारलं. दोन्ही गेले." तिने समोरच्या फाइलवर सही केली. "ती कॉल सेंटरची नोकरी राहू द्या. उच्चार ठीक होते, हे तरी सांगायचं होतंत."

मी माफी मागितली.

"बाहेर लोक थांबलेत, सर," ती म्हणाली.

मी उठलो. एक नोकरी घालवल्याचं कबूल करायला गेलो होतो, आणि त्याहून मोठा हिशेब मला ठाऊकच नव्हता. शिक्षकाने चूक काढली, तर ती बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. नाही आली, तर ती बहुधा त्याची स्वतःची असते.