देणारा हयात आहे का?

रजिस्ट्रीच्या ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आधार कार्ड आणि दोन साक्षीदार घेऊन आपल्या पायांनी चालत येतात. जिल्ह्यात बदल्या होत गेल्या, टेबलं बदलली, किस्से मात्र साचत राहिले. त्यातले सगळ्यात जास्त मुखत्यारपत्राचे. आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा, असा हा कागद. लोक त्याला 'पावर' म्हणतात. पावर केली की म्हातारपणाची सोय झाली, अशी सगळ्यांची समजूत!

सुलतानपूरचे एक आजोबा मुलाच्या नावाने पावर करायला आले. आमच्या रजिस्ट्रार साहेबांनी नेहमीप्रमाणे समजावलं, "बाबा, तुम्ही आहात तोवरच हा कागद चालतो. तुमच्यामागं तो संपला."

आजोबांनी दोनदा विचारून खात्री केली. मग मुलाकडे वळले. "आयकलं का बे? आता मले नीट सांभाळजो!"

एकदा डोकं तुळतुळीत केलेला एक गृहस्थ वडिलांची पावर घेऊन शेत विकायला आला. साहेबांनी डोक्याकडे पाहिलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. "देणारा हयात आहे का?"

"हाव साहेब. घरीच आहेत."

"आणि हे मुंडन?"

"देवाले गेलतो जी."

तेवढ्यात त्याचाच साक्षीदार मागून म्हणाला, "साहेब, जरा लवकर करा ना. तेरवीचं सामान आनाचं आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कोणाची तेरवी?"

"त्याहीचीच," गृहस्थ खाली मान घालून म्हणाला. मग एकदम उसळला. "पन अंगठा तर त्याहीनं जिवंतपनीच देल्ला ना साहेब!"

कायद्याची एवढी सरळ बाजू आमच्या साहेबांना कधी सुचली नव्हती.

पुण्यात नोकरीला असलेले एक चिरंजीव वडिलांना घेऊन आले. सगळी प्रोसेस त्यांनाच पाठ होती. साहेबांनी वडिलांना विचारलं, "स्वखुशीनं देता ना?"

वडील मुलाकडे पाहून म्हणाले, "काय म्हनू बे?"

साहेबांनी दोघांना परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. या वेळी तयारी झालेली दिसत होती.

"तुमचं नाव?"

"स्वखुशीनं!"

देऊळघाटची एक भाजीवाली म्हातारी पावर रद्द करायला आली होती. अशी माणसं आली की आम्ही मनातल्या मनात मुलाला शिव्या देऊन ठेवायचो. मी विचारलं, "काऊन आजी? पोरगा त्रास देतो का?"

"नाही बाप्पा. पोरगा चांगला आहे, सून बी चांगली आहे."

"मग?"

"कागद केल्यापासून वावरात काय पेराचं, ते मले कोनी विचारतच नाही."

रद्द करायचं कारण लिहावं लागत नाही, ते एक बरं आहे.

आता शेवटचा. धामणगाव बढ्याचे करीमचाचा शिंपी. हातपाय धड होते तेव्हाच त्यांनी मुलगी रेहाना हिच्या नावाने पावर केली होती. पुढे त्यांना विसर पडू लागला. दुकान विकून अब्बांचा इलाज करायचा म्हणून रेहाना आली. घेणारा तयार होता, पण कोर्टकचेरीसाठी थांबणार नव्हता. आणि देणाऱ्याचं भान गेलं तरी पावर संपते, मग कोर्टातूनच परवानगी आणावी लागते, हे लोकांना ठाऊकच नसतं.

"देणारा हयात आहे का?"

"आहेत. बाहेर ऑटोत बसले आहेत."

"भानावर आहेत?"

ती 'हो' म्हणाली असती तर आमच्यापैकी कोणीही उठलं नसतं. तिने बाहेरच्या ऑटोकडे पाहिलं. मग साहेबच उठून ऑटोपाशी गेले. मागोमाग मी.

चाचांनी आधी साहेबांचा शर्ट चिमटीत धरला. "खांदा उतरला आहे. जुम्म्याले घेऊन जा."

"चाचा, ही कोण?" साहेबांनी रेहानाकडे बोट केलं.

चाचांनी तिला निरखून पाहिलं. "नाव नाही आठवत," ते म्हणाले. "पन हिचं माप घ्यावं नाही लागत. पाठ आहे."

साहेबांनी पावर तिच्या हातात परत दिली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हा कागद आता चालत नाही."

"हाव साहेब," रेहाना म्हणाली. ओढणी सारखी करत ती ऑटोत अब्बांच्या शेजारी बसली आणि माझ्याकडे वळली.

"पाठ आहे म्हने अब्बा. तुमी बी आयकलं ना?"