पट्टा न ओढणारा शेजारी

सन २००५, तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडला मुलाकडे राहत होतो. शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याकडे एक फ्रेंच शिकारी कुत्रा होता. बुटके पाय, लांब कान, अंगभर झिपऱ्या. पार्कात सशाचा वास लागला की तो नाक जमिनीला लावून तिथेच अडायचा, मालकाची हाक त्याच्या कानात शिरायचीच नाही. मालक मात्र कधी पट्टा ओढत नसे. खिशात हात घालून ढगांकडे बघत उभा राही.

"एक फटका द्या, सरळ येईल," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो.

"ही जातच आपल्या डोक्याने चालणारी," तो म्हणाला. "ओढलं की जास्त अडतो. मनात आलं की शेपूट हलवत येतो."

सूनबाईने मला काठी आणली होती. "बाबा, गवत ओलं असतं, घेऊन जा ना."

"मी काय म्हातारा झालो?" म्हणून मी ती दाराआड ठेवून दिली.

एकदा शेजाऱ्याबरोबर पार्कात फिरताना पाय घसरून मी आपटलो. दोघंतिघं धावले.

"लागलं का?" शेजाऱ्याने विचारलं.

"नाही."

त्याने बाकीच्यांना हातानेच थांबवलं आणि खिशात हात घालून ढगांकडे बघत राहिला. कुत्रा मला टेकून बसला. माझा मी उठलो, तेव्हा शेजारी एवढंच म्हणाला, "चलायचं?"

त्याने मला कुत्र्याच्या पंगतीला बसवलं, याचा राग यायला हवा होता. आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न सांगता मी ती काठी घेतली आणि त्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.